दुपारची खिचडी, आंघोळीनंतरची चड्डी आणि पाच सेकंद: बडोद्यातल्या एका घराचे प्रकरण

दांडिया बाजारातल्या जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहणारे मराठी कुटुंब. आजी, आई, बाबा आणि २ वर्षे ९ महिन्यांचा मुलगा. बाबा मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतात. आई सकाळी साडेनऊला बाहेर पडते ती सहाला परतते. मुलगा सकाळचे दोन-अडीच तास जवळच्या गुजराती प्लेग्रुपमध्ये असतो आणि उरलेला दिवस आजीजवळ. प्लेग्रुपच्या बेननी, म्हणजे बाईंनी, आईला सांगितले, की बाकीची मुले तहान लागली की येऊन पाणी मागतात, हा बाटलीकडे बघत बसून राहतो. घरी हे कुणाच्या लक्षात आले नव्हते, कारण घरी त्याला पाणी मागावे लागतच नव्हते.

हे प्रकरण शिकण्यासाठी रचलेले आहे. लहान मुलांच्या घरांत नेहमी आढळणाऱ्या गोष्टी एका घरात आणून मांडल्या आहेत, त्यामुळे यातले मूल किंवा कुटुंब म्हणजे कुणी ठरावीक व्यक्ती नव्हेत. जेवण, कपडे, आंघोळ अशा रोजच्या वेळांतच मुलाला शिकवण्याची पद्धत मात्र जशी वापरतात तशीच दिली आहे.

आधी काय तपासले

मुलगा मराठी आणि गुजराती मिळून वीसेक शब्द बोलत होता. दोन शब्द जोडत नव्हता. साधारण २ वर्षांचे मूल ‘पाणी दे’, ‘बाबा गेले’ असे दोन शब्द जोडू लागते, आणि ३ वर्षांच्या आसपास तीन-चार शब्दांची छोटी वाक्ये येतात. म्हणजे बोलणे मागे होते, आणि ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून ते सोडून देण्याजोगे नव्हते. समज मात्र चांगली होती. ‘आजीची चप्पल आण’ म्हटले की तो आणायचा, हवे ते बोटाने दाखवायचा, हाक मारली की वळून बघायचा.

सुरुवात श्रवण-तपासणीपासून झाली. मागून टाळी वाजवली आणि मूल वळले म्हणजे ऐकू येते, असे घरोघरी मानतात. ते पुरेसे नाही. टाळी हा मोठा आवाज आहे. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या मधल्या कानात पाणी साठले, तर टाळी ऐकू येते, पण ‘स’, ‘फ’, ‘त’ यांसारखे बारीक ध्वनी पुसट होतात. म्हणून ऑडिओलॉजिस्टकडची तपासणी हवीच. इथे ती व्यवस्थित आली. बालरोगतज्ज्ञांनी वाढ तपासली आणि स्पीच थेरपिस्टकडे नाव नोंदवायला सांगितले. खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्यात अंगणवाडीतच मुलांची तपासणी होते आणि गरज पडल्यास जिल्हा पातळीवरच्या केंद्रात पाठवले जाते.

आलेले शब्द गळून पडले असतील, मूल बोटाने काही दाखवत नसेल किंवा नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, तर पुढचे सगळे बाजूला ठेवून आधी तज्ज्ञ गाठावा. या घरात तसे नव्हते.

शेजारच्या काकूंचा सल्ला असा होता, की घरात मराठी, शाळेत गुजराती, मुलगा गोंधळला आहे, तेव्हा आता फक्त गुजरातीच बोला. हा सल्ला घेतला नाही. दोन भाषा कानावर पडल्याने बोलणे मागे पडत नाही, आणि शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे असतात. आजीला गोष्टी, लाड, रागावणे, देवाचे म्हणणे सगळे मराठीतच येते. तिची मराठी बंद करायची म्हणजे मुलाच्या दिवसातले सर्वांत भरलेले बोलणे काढून घ्यायचे आणि त्या जागी तोडके-मोडके ठेवायचे.

दिवस उलगडून बघितला

शिकवण्याजोग्या वेळा शोधण्यासाठी जी मुलाखत घेतात ती अमेरिकेतले संशोधक रॉबिन मॅकविल्यम यांनी रुळवलेली आहे. मुलाची परीक्षा घ्यायची नाही. घरच्यांना उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस क्रमाने सांगायला लावायचा. प्रत्येक टप्प्यावर विचारायचे: तेव्हा कोण काय करतो? मूल काय करते? त्यात ते किती रमते, किती स्वतः करते, इतरांशी किती देवाणघेवाण करते? शेवटी, ही वेळ तुम्हाला कशी जाते, १ (अगदी वाईट) ते ५ (छान) मध्ये सांगा. नीट विचारले तर दीड-दोन तास लागतात. आजीला बोलवायला विसरू नये. अनेक घरांत मुलाखत आईची घेतली जाते आणि दिवसाची खरी माहिती आजीकडे असते.

या घरात आजीने दुपारच्या जेवणाला १ दिला आणि संध्याकाळी दिवा लावण्याच्या वेळेला ५. आईने आंघोळ-कपड्यांना २ दिला. बाबांनी एकाच गोष्टीला ५ दिला: रविवारी मुलाला घेऊन खंडेराव मार्केटला भाजी आणायला जाणे.

दुपारचे जेवण बारकाईने विचारले तेव्हा चित्र स्पष्ट झाले. मोबाइल तांब्याला टेकवून उभा. आजी घास कालवते, तोंडाजवळ नेते, मुलगा स्क्रीनवरून नजर न काढता तोंड उघडतो. पंचवीस मिनिटांत वाटी रिकामी. पोट भरते, पण त्या पंचवीस मिनिटांत त्याला हात, डोळे किंवा शब्द यांपैकी कशाचीच गरज पडत नाही. बाकीचा दिवसही तसाच. तो माठाकडे बघतो, आजी पाणी देते. दाराकडे चालू लागतो, आजी चप्पल घालते. आंघोळीनंतर हात वर करून उभा राहतो, आई दोन मिनिटांत कपडे चढवते.

हे प्रेमाने होते, आणि त्यात आळस किंवा दुर्लक्ष शोधणे अन्यायाचे ठरेल. आजी मुलाला इतकी ओळखते, की त्याच्या मनात काय आहे ते त्याच्याआधी तिला कळते. प्रश्न फक्त एवढाच, की मागण्याची किंवा करण्याची गरज पडायच्या आतच काम झालेले असते. शिकवण्याची जागा गरज पडणे आणि काम होणे या दोन क्षणांच्या मध्ये असते आणि ती भरून गेलेली होती.

चार अपेक्षा, त्यातल्या दोन बाजूला

घरच्यांची यादी अशी होती: बोलायला हवे, स्वतः जेवायला हवे, शी-शू सांगायला हवी आणि क-ख-ग यायला हवे. शेवटची अपेक्षा शेजारच्या मुलावरून आली होती. ती लगेच काढली. गुजरातमध्ये २०२३-२४ पासून पहिलीच्या प्रवेशासाठी वय ६ पूर्ण लागते, आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही ३ ते ८ या वयात खेळातून शिकण्यावर भर आहे. बडोद्यात तर महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या मानव विकास विभागाची चेतन बालवाडी अनेक दशके आहे. लहान मुलांना अक्षरे घोटवायची नसतात, हे या शहराला नव्याने सांगायला नको.

शी-शूचे प्रशिक्षण पुढे ढकलले. मूल दीड-दोन तास कोरडे राहते का, ओले झाल्यावर अस्वस्थ होते का, चड्डी स्वतः खाली-वर करू शकते का, यावर ते ठरते. पहिल्या दोन गोष्टी होत्या, तिसरी नव्हती. म्हणून चड्डी वर ओढणे हेच एक उद्दिष्ट धरले. कपड्याचे कौशल्य म्हणून धरलेली ही गोष्ट पुढे शी-शूला उपयोगी पडणार होती.

अशी तीन उद्दिष्टे लिहिली, आणि लिहिताना ‘जेवायला शिकेल’ असे मोघम काही ठेवले नाही. जेवणाचे उद्दिष्ट असे लिहिले: ‘दुपारच्या जेवणात, आजी समोर बसलेली असताना, पहिले ६ चमचे स्वतः भरून तोंडात नेईल, निम्म्याहून कमी सांडेल, प्लेग्रुपच्या ५ दिवसांपैकी ४ दिवस.’ कोणती वेळ, कोणाबरोबर, किती आणि केव्हा पुरे झाले म्हणायचे, हे चारही त्यात आहे. यातले एक जरी गाळले तरी महिन्याने आजी म्हणते ‘जमतंय’ आणि आई म्हणते ‘नाही’, आणि दोघींचेही खरे असते.

चड्डी: शेवटची पायरी आधी

चड्डी घालण्याच्या पायऱ्या सहा धरल्या. पाटावर बसणे, एक पाय घालणे, दुसरा पाय घालणे, उभे राहणे, गुडघ्यांपासून मांड्यांपर्यंत ओढणे, आणि मांड्यांपासून कमरेपर्यंत ओढणे. पहिल्या पाच मोठ्यांनी करायच्या आणि फक्त सहावी मुलासाठी ठेवायची. ती जमली की पाचवी आणि सहावी, मग चौथीपासून, असे मागे मागे यायचे.

उलट्या क्रमाचे कारण साधे आहे. पहिल्या पायरीपासून शिकवले तर मूल पाय अडकवते, गोंधळते आणि पुढचे काम मोठ्यांनी हातात घेतल्यावर उभे राहते. त्याच्या वाट्याला धडपड येते आणि शेवट दुसऱ्याच्या हाताने होतो. शेवटच्या पायरीपासून सुरुवात केली तर रोज काम त्याच्याच हाताने पूर्ण होते आणि लगेच तो खेळायला मोकळा होतो.

पहिल्या आठवड्यात हे फसले, आणि फसण्याची कारणे अगदी कपड्यातली होती. आई जीन्सची पॅन्ट घेऊन बसली होती. बटण, चेन आणि जाड कापड असल्यावर शेवटची पायरीच सर्वांत कठीण होते. सैल इलॅस्टिकची सुती हाफ पॅन्ट, नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठी, घेतल्यावर निम्मे काम झाले. दुसरे, आंघोळीनंतर अंग घाईत पुसले जायचे. ओलसर मांडीला कापड चिकटते आणि गोल गुंडाळत जाते. पावसाळ्यात तर जास्तच. मांड्या आणि गुडघ्यांची मागची बाजू कोरडी करून मगच सुरुवात करायची. तिसरे, मुले दोन्ही हातांनी पुढूनच ओढतात, त्यामुळे चड्डी पुढे कमरेपर्यंत येते आणि मागे कुल्ल्यांवर अडते. एक हात पुढे, एक हात मागे, आणि अंगठे इलॅस्टिकच्या आत, ही जागा त्याला दाखवावी लागते.

मदत मुलाच्या मागे बसून करायची, समोरून नाही. समोरून केली तर मुलाच्या दृष्टीने हात उलटे दिसतात. आधी आपले हात त्याच्या हातांवर ठेवून ओढायचे, काही दिवसांनी फक्त मनगट धरायचे, मग कोपराला नुसता स्पर्श, मग काहीच नाही. ‘ओढ, ओढ, अजून ओढ’ असे बोलत राहू नये. हाताची मदत हळूहळू कमी करता येते, पण तोंडी सूचनांची सवय लागली की मूल सूचनेची वाट बघत उभे राहते. आणि ती सवय सोडवणे फार कठीण.

आजीने पुढची-मागची बाजू कळण्यासाठी सगळ्या चड्ड्यांना पुढे आतून लाल दोऱ्याचे दोन टाके घातले. अशी खूण छापील चित्रापेक्षा चांगली, कारण ती प्रत्येक चड्डीत एकाच जागी असते.

सकाळची घाई हा खरा अडथळा होता. साडेआठला आईच्या हातात दोन मिनिटेसुद्धा नसायची. ‘थोडे लवकर उठा’ असा सल्ला देणे सोपे असते आणि तो चार दिवसांत मोडतो. त्यापेक्षा चड्डीचे काम सकाळवरून काढून दुपारच्या झोपेनंतरच्या कपडे बदलण्यावर नेले. तेव्हा आजी निवांत असते. सकाळी आईने घालायची, त्यात काही बिघडत नाही. दिवसात एकदा, पण शांतपणे झालेली गोष्ट तीनदा ओढाताणीने झालेल्या गोष्टीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

खिचडी आणि सहा चमचे

आजीचा पहिला प्रश्न होता, "आपण हातानं जेवतो, मग चमचा कशाला?" प्रश्न योग्यच आहे. पोळीचे तुकडे, ढोकळा, उकडलेला बटाटा हाताने खाणे हे चमच्याइतकेच मोलाचे कौशल्य आहे, आणि सकाळच्या नाश्त्याला तेच ठेवले. चमचा फक्त दुपारच्या भातासाठी धरला, कारण या वयात कालवलेला भात बोटांनी उचलून तोंडापर्यंत नेणे चमच्यापेक्षा अवघड आहे आणि प्लेग्रुपच्या डब्यातही चमचाच जातो.

पदार्थ चमच्याला चिकटणारा हवा. पातळ वरणभात चमच्यातून गळतो, मोकळा भात वाटेतच सांडतो. मऊ खिचडी उत्तम: डाळ-तांदूळ मिळून १ वाटी असेल तर पाणी ४ वाट्या, आणि वाढण्यापूर्वी पळीने थोडी घोटून. दहीभात आणि शिराही चालतो. चमचा आखूड दांड्याचा आणि रुंद, उथळ तोंडाचा. मोठ्यांचा लांब दांड्याचा चमचा लहान मुठीत वळतो आणि तोंडापाशी येईपर्यंत कलंडतो. ताटलीऐवजी उभ्या कडेची वाटी घ्यावी, म्हणजे चमचा कडेला लावून घास भरता येतो. गुळगुळीत फरशीवर स्टीलची वाटी घसरते, म्हणून खाली ओला करून पिळलेला फडका.

बसण्याची उंची हा दुर्लक्षित भाग. मूल पाटावर आणि वाटी जमिनीवर असेल तर वाटीपासून तोंडापर्यंतचा प्रवास सर्वांत लांब होतो आणि तेवढेच सांडते. वाटी छोट्या चौरंगावर ठेवली, म्हणजे ती मुलाच्या पोटाच्या वरच्या भागापर्यंत आली, की सांडणे लगेच कमी होते. पाठीला भिंत असावी. आजी समोर बसून स्वतःही तीच खिचडी चमच्याने खाते.

पहिल्या दिवशी घरच्यांनी पूर्ण वाटी मुलाकडे दिली आणि मोबाइलही काढून घेतला. अर्धा तास रडारड, भात भिंतीवर, आजी वैतागलेली. दोन चुका एकत्र झाल्या होत्या. प्लेग्रुपहून आलेले मूल दमलेले असते आणि पूर्ण वाटी हे त्याच्या ताकदीबाहेरचे काम आहे. शिवाय तिन्ही जेवणांचा मोबाइल एकदम बंद केल्याने सगळा दिवसच भांडणाचा झाला. नंतर असे ठरले: दुपारचा मोबाइल बंद, बाकीच्या वेळांचा नंतर बघू. पहिले ६ चमचे मुलाचे, कारण तेव्हा भूक कडकडून असते आणि प्रयत्नाचे फळ लगेच तोंडात पडते. त्यानंतर आजीने भरवायचे, मनात काही न आणता. सहा सहज होऊ लागले की दहा, मग शेवटचे काही चमचेही त्याचे.

स्क्रीनबद्दल बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे (इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स) म्हणणे असे: २ वर्षांपर्यंत अजिबात नको, २ ते ५ वर्षांत दिवसाला एक तासाच्या आत, आणि जेवताना नकोच. एका जेवणापासून सुरुवात केली तरी दिशा तीच राहते. मोबाइल बंद केल्यावर पहिले काही दिवस रडणे आधीपेक्षा वाढते. घरात नेमके त्याच दिवशी कुणीतरी ‘जाऊ दे, दे त्याला’ म्हणते, आणि मग मूल शिकते की जोरात रडले की मोबाइल मिळतो. हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवावे लागते.

चमचा आला म्हणून काहीही देऊ नये. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे ५ वर्षांखालच्या मुलांना ठसका लागून श्वास अडकवू शकतात. दाणे कुटून, द्राक्षे लांबीने चिरून. मूल बसलेलेच हवे. पळता पळता घास नको.

पाच सेकंद

तिसरे उद्दिष्ट बोलण्याचे. ते कोणत्याही एका वेळेचे नव्हते, दिवसभर पसरलेले होते. मुलाला बोलण्याची गरज पडेल अशा जागा मुद्दाम तयार करायच्या. आंघोळीत दोन तांबे पाणी अंगावर ओतून तिसरा हातात धरून थांबायचे. खिचडी वाटीत थोडीच वाढायची. आवडत्या लाडवांचा डबा समोर, पण झाकण घट्ट. गॅलरीचे दार लावलेले.

मग थांबायचे. चेहऱ्याकडे बघत, काही न बोलता, मनातल्या मनात पाच आकडे मोजायचे. पाच सेकंद मोठ्या माणसाला फार लांब वाटतात आणि बहुतेक लोक दुसऱ्या सेकंदालाच बोलून मोकळे होतात. मुलाने बघितले, हात पुढे केला, आवाज काढला, शब्द काढला, काहीही केले तरी ती मागणी समजायची, लगेच द्यायचे आणि देताना शब्द म्हणायचा: "अजून पाणी!" काहीच आले नाही तर एकदाच नमुना द्यायचा, "अजून", पुन्हा पाच सेकंद थांबायचे, आणि तरीही आले नाही तर देऊन टाकायचे.

देऊन टाकणे यातली सर्वांत महत्त्वाची अट आहे. ‘बोललास तरच मिळेल’ हा खेळ खाण्या-पिण्यावर कधीच खेळू नये. आजीने सुरुवातीलाच सांगितले होते, "लेकराला ताटकळत ठेवून मी काही शिकवणार नाही." तिचे म्हणणे तंतोतंत बरोबर आहे. भुकेल्या मुलाला अडवले तर ते शब्द शिकत नाही, जेवणालाच घाबरू लागते. दहा सेकंदांची वाट आणि मग नक्की मिळणे, एवढीच मर्यादा.

मुलगा ‘पाणी’ म्हणू लागला की आपण एक पायरी पुढे बोलायचे: ‘गार पाणी’, ‘पाणी अजून’. दोन शब्दांचा नमुना, पूर्ण वाक्याचे व्याख्यान नाही. आणि ‘म्हण बघू’, ‘परत बोल’ हे नाही. बाबांकडून इथे घसरण झाली. पाहुणे आले की ते मुलाला बोलून दाखवायला सांगत. मुलगा गप्प व्हायचा आणि मग दोन दिवस घरीही कमी बोलायचा. कारण समजावल्यावर ते थांबले.

दिवसातून आठ-दहा अशा संधी पुरेत. प्रत्येक वेळी वस्तू अडवून ठेवली तर घर परीक्षा केंद्र होते आणि मूल आजीलाच टाळू लागते.

बाबांच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात, त्यामुळे त्यांच्यावर रोजची वेळ सोपवण्यात अर्थ नव्हता. त्यांच्याकडे रविवारचे खंडेराव मार्केट होते, तेच धरले. पिशवी मुलाच्या हातात उघडी, बाबा बटाटा हातात धरून थांबतात, मुलगा ‘दे’ किंवा ‘अजून’ म्हणतो, बटाटा पिशवीत. पाव किलो बटाट्यात तीन-चार संधी मिळतात, आणि त्या त्याला जरासुद्धा जड जात नाहीत.

दिव्याची वेळ आधीच ५ गुणांची होती, म्हणून तिथे फार बदल केला नाही. आजी दिवा लावते आणि मुलगा तिच्यापासून हातभर दूर, त्याच्या ठरलेल्या आसनावर बसतो. रोजचे म्हणताना शेवटच्या शब्दाआधी आजी थांबते. शब्द त्याच्या कानात इतका मुरलेला असतो, की तो पूर्ण करणे त्याला सोपे जाते. गणपतीत हेच आपोआप झाले. घर पाहुण्यांनी भरलेले, चड्डी आणि चमचा दोन्ही बंद पडले, पण ‘गणपती बाप्पा’ म्हणून सगळे थांबले की ‘मोरया’ तोच आधी म्हणायचा. सणाच्या दिवसांत वेळापत्रक मोडते तेव्हा ते ओढून-ताणून सांभाळू नये. सण संपल्यावर एक पायरी सोपे करून पुन्हा सुरुवात करावी.

नोंद आणि प्लेग्रुप

नोंदीसाठी वही केली तर ती आठवड्यात बंद पडते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे आजी दुधाचा हिशेब मांडते, त्याच चौकोनात दोन अक्षरे: ‘स्व’ म्हणजे स्वतः, ‘म’ म्हणजे मदतीने. सोमवार, बुधवार, शुक्रवार एवढेच दिवस. सलग तीन नोंदींत ‘स्व’ आले की एक पायरी मागे सरकायचे, म्हणजे मुलाचा वाटा वाढवायचा. दोन आठवडे ‘म’ हलला नाही तर कापड, चमचा, बसण्याची जागा किंवा मदतीची पद्धत यांपैकी एकच गोष्ट बदलून बघायची. दोन एकदम बदलल्या तर कशाने काम झाले ते कळत नाही.

बेनना एका चिठ्ठीत तीनच ओळी दिल्या: बाटली त्याला दिसेल पण हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवा, बघू लागला की पाच सेकंद थांबा, मग द्या. तिथे सगळ्यांना ठरावीक वेळी पाणी दिले जात असे. ते तसेच चालू राहिले, म्हणजे तो तहानलेला राहण्याचा प्रश्न नव्हता. त्याने गुजरातीत मागितले काय किंवा मराठीत, दोन्ही चालेल, हेही लिहिले.

आठ आठवड्यांनी

चड्डी पाचव्या पायरीपासून स्वतः, दुपारी बहुतेक दिवस. पाय घालताना अजून मदत लागते, दोन्ही पाय एकाच भोकात जातात. पहिले दहा-बारा चमचे स्वतः, खिचडी असेल तर. पातळ आमटीभाताला अजून आजीच भरवते. रात्रीच्या जेवणाचा मोबाइल चालूच आहे, आणि पुढचे काम तेच आहे. ‘अजून’, ‘दे’, ‘उघड’, ‘पाणी’ हे शब्द न सांगता येतात, प्लेग्रुपमध्येही. दोन शब्दांची जोडणी मात्र क्वचित, ‘आजी दे’ एवढीच. ३ वर्षे जवळ आलेली असताना हे पुरेसे नाही, म्हणून स्पीच थेरपी थांबवलेली नाही. थेरपिस्टकडे आठवड्यात एक तास मिळतो. त्या तासात ठरलेले शब्द कोणत्या वेळेत घालायचे हे आता आजी विचारते, आणि तिने पुढची वेळ सुचवलीही आहे: हिवाळ्यात रोज दुपारी मटार सोलणे. शेंग उघडायला द्यायची, दाणे वाटीत टाकायचे, ‘एक अजून’ म्हणायचे. कच्चा दाणा तोंडात जाणार नाही याकडे लक्ष ठेवून.

शी-शूचे प्रशिक्षण चड्डी चौथ्या पायरीपासून जमू लागली की सुरू करायचे ठरले आहे. त्यासाठी आधी बाथरूममध्ये बसायची उंची ठरवावी लागेल. पाय अधांतरी लोंबकळले तर मूल नीट जोर लावू शकत नाही, म्हणून पायांखाली टेकू देईल असा पाट किंवा लहान स्टूल आधी बघून ठेवायचे आहे.